शोलेची मालगाडी आणि आपला मोबाईल

बोललेलंच लिहून काढलंय, त्यामुळे मध्येच एखादं 'बे' आलं तर समजून घ्या. सोलापूरचा माणूस आहे, चालायचंच.

आजचा विषय एका मेसेजवरून निघाला. पूर्व भागातल्या तीन मित्रांनी लिहिलंय. त्यांना पाच मिनिटांची ॲक्शन शॉर्टफिल्म करायची आहे. कथा तयार आहे, एका मित्राकडे चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आहे आणि सुरुवातही ठरली आहे: हिरो रेल्वेच्या रुळावरून पळतोय, मागून गाडी येतेय, शेवटच्या क्षणी तो बाजूला उडी मारतो. त्यांचा प्रश्न असा, "दादा, हॉटगीच्या बाजूला रूळ मोकळा असतो. स्लो मोशन किती फ्रेमला घ्यायचं?"

फ्रेमचं नंतर बघू. आधी रुळाचं बोलू.

परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरं सांगतो, दंडाचं मला काही नाही. वर जी तार आहे ना, तिच्यात 25 हजार व्होल्ट असतात. त्या तारेला हात लावायचीही गरज नसते. उभ्या डब्यावर चढून नुसतं जवळ गेलं, सेल्फी स्टिक वर केली, तरी वीज मधली हवा ओलांडून अंगावर येते. आणि समोरून येणारी गाडी फोनच्या स्क्रीनवर जेवढी लांब दिसते तेवढी लांब ती नसते. वाइड लेन्स प्रत्येक गोष्ट लांब ढकलते. जो शूट करतोय त्याला वाटतं अजून वेळ आहे, आणि जो पळतोय त्याला गाडी दिसतच नाही कारण त्याची पाठ गाडीकडे असते. म्हणजे त्याचा जीव ज्याच्या अंदाजावर आहे, त्याचाच अंदाज चुकीचा. तर तो शॉट नाही घ्यायचा. यात चर्चा नाही.

पण गाडी पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. सिनेमा आणि गाडी यांचं नातं फार जुनं आहे. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे सिनेमे दाखवले, आपल्या देशातला पहिला खेळ, त्यातसुद्धा एक स्टेशनात शिरणारी गाडी होती. 1903 साली अमेरिकेत 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' आला. आणि आपल्याकडे, 15 ऑगस्ट 1975 ला, 'शोले'.

'शोले' मी निवडतोय कारण त्याच्या सुरुवातीची ती मारामारीची गाडी आपल्याच राज्यात शूट झाली. गाव रामगढ म्हणजे कर्नाटकातलं रामनगर, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं. पण गाडीवरचा हल्ला मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला. सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला त्याला. सात आठवडे! इंग्लंडहून स्टंटची माणसं आणली होती. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता, परवानगी होती, त्यांनीसुद्धा दीड-दोन महिने घेतले. आपण रविवारी दुपारी दोन तासांत उरकणार म्हणतो.

आता सिनेमा काढा. फोनवर चालेल. पन्नास वर्षं झाली, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार कुणी करू नका.

पहिली गोष्ट बघा. 'शोले'ची सुरुवात मारामारीने होतच नाही. एका छोट्या स्टेशनात एक गाडी येते, शांतपणे. खाकीतला एक जेलर उतरतो. त्याला घ्यायला रामलाल आलेला असतो. दोघं घोड्यावर बसतात आणि निघतात. पाट्या पडत राहतात, आर. डी. बर्मनचं संगीत वाजत राहतं, घोडे चालत राहतात. खडक, माळ, वाट, गाव. आजच्या हिशोबाने इथे निम्मे लोक रील बदलून पुढे गेले असते.

पण द्वारका दिवेचांचा कॅमेरा या वेळात काय करतोय ते बघा. तो आपल्याला जागा दाखवतोय. स्टेशन गावापासून लांब आहे. मध्ये उघडा माळ आहे. खडक असे आहेत की मागे माणूस लपला तर कळणार नाही. पुढे तीन तास जे काही घडणार आहे, ते या जागेत घडणार आहे आणि तुम्हाला न सांगता नकाशा देऊन टाकलाय. पुढे डाकू येतात तेव्हा कुठून आले, गावाला मदत का मिळत नाही, असले प्रश्न पडत नाहीत. आपल्या पोरांच्या शॉर्टफिल्ममध्ये माझी हीच तक्रार असते. पहिल्याच शॉटला बुक्की. कोण कुणाला मारतोय, कुठे मारतोय, दार कुठल्या बाजूला आहे, काही पत्ता नाही. मारामारी समजली नाही तर भीती वाटत नाही, साधी गोष्ट आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर पाठलाग दाखवायचा असेल तर आधी दहा सेकंद तलाव दाखव, किल्ल्याची भिंत दाखव, पळायला वाट कुठे आहे ते दाखव. मग पळ.

दुसरी गोष्ट. जेलर वाड्यावर पोचतो. ठाकूर उभा आहे, अंगावर शाल. त्याला दोन माणसं पाहिजेत, जय आणि वीरू. जेलर चकित होतो, कारण हे दोघं नामचीन बदमाश. ठाकूरला बदमाशच का पाहिजेत? इथे प्रश्न तयार झाला. आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून फ्लॅशबॅकमध्ये गाडी येते. म्हणजे ॲक्शन हे उत्तर आहे. सलीम-जावेदची ही करामत मला सगळ्यात जास्त आवडते. मारामारी चालू असताना तुम्ही नुसते घोडे मोजत नाही, तुम्ही या दोघांना पारखत असता. हे भरवशाचे आहेत का? इन्स्पेक्टर ठाकूर त्यांना बेड्या घालून मालगाडीतून नेतोय, डाकू हल्ला करतात, तो त्यांना बेड्यांतून मोकळं करतो. आता पळतील की लढतील? दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत समोर येतो. शेवटी ठाकूर जखमी होऊन पडतो आणि पळायची सगळ्यात सोपी संधी येते. तेव्हा जय नाणं उडवतो.

ते नाणं लक्षात ठेवा. इथे ते गंमत म्हणून येतं. तीन तासांनी, जय मेल्यावर, कळतं की त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. म्हणजे गाडीतसुद्धा नशिबाने काही ठरलं नव्हतं, जयने ठरवलं होतं. ठाकूरला सोडून जायचं नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं आणि मित्राला मात्र नशिबाचं नाव सांगितलं. शेवट बघून पुन्हा सुरुवात बघा, अमिताभचा चेहरा वेगळाच दिसतो.

आणि आता शाल. बहुतेक लोक म्हणतात, शालीमुळे ठाकूरचे हात नाहीत हे लपलं. बरोबर. पण मला वाटतं खरी हुशारी शालीत नाही, गाडीत आहे. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी त्या मालगाडीत आपल्याला काय दाखवलं? ठाकूरचे हात. बंदूक चालवणारे, बेड्या सोडवणारे, लढणारे हात. ते हात डोळ्यांत भरले म्हणून पुढे ते गेल्यावर पोटात गोळा येतो. हात कधी पाहिलेच नसते, तर नुसती माहिती मिळाली असती: याला हात नाहीत. मला तर वाटतं की सात आठवड्यांची ती सगळी मेहनत, घोडे, इंजिन, कोळसा, धूर, हे सगळं एका माणसाचे हात दाखवण्यासाठी आहे. तुम्हाला पटत नसेल तर लिहा, भांडू.

तुमच्या कथेत हिरोचं काय जाणार आहे? मित्र, भाऊ, गाडी, नोकरी? मग सुरुवातीच्या ॲक्शनमध्ये तीच गोष्ट कामाला लावा. मोटरसायकल चोरीला जाणार असेल तर पहिल्या पाठलागात त्याच मोटरसायकलने जीव वाचवला पाहिजे.

आता जरा तांत्रिक. पण अवघड नाही, क्रिकेट बघता ना? मॅच दाखवताना मुख्य कॅमेरा एका रेषेच्या एकाच बाजूला राहतो. तो अचानक मैदानाच्या पलीकडे गेला तर मिडऑफला गेलेला बॉल तुम्हाला मिडऑनला गेल्यासारखा वाटेल. पळणाऱ्या दोन माणसांमध्ये, किंवा गाडी आणि घोडे यांच्यात, अशीच एक न दिसणारी रेषा असते. गाडी डावीकडून उजवीकडे जातेय तर पाठलाग करणारा घोडाही डावीकडून उजवीकडे जायला पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला वाटेल की ते समोरासमोर येतायत. याला 180 अंशाचा नियम म्हणतात. अभ्यास असा करा: 'शोले'चा गाडीवरचा हल्ला आवाज बंद करून लावा, कागद घ्या, प्रत्येक शॉटला बाण काढा. गाडी कुठल्या दिशेला, माणूस कुठल्या दिशेला. दिशा बदलली की थांबा आणि मागे या. बदलण्याआधी मध्ये काय टाकलंय? एखादा सरळ समोरून घेतलेला शॉट? चेहरा? चाक? इंजिनचं तोंड? तिथे शिकायचं आहे. वीस मिनिटांत पान भरेल, आणि हे कुठल्याही क्लासमध्ये पैसे देऊन मिळेल त्यापेक्षा कमी नाही.

मी पोटापाण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे पुढचं थोडं जिव्हाळ्याने बोलणार आहे. 'शोले' कुणी कापला? एम. एस. शिंदे यांनी. माधवराव शिंदे, आपला मराठी माणूस. 'शोले'ला फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती, मिळालं फक्त एक, संकलनाचं. अमिताभ नाही, संजीव कुमार नाही, अमजद नाही, आर. डी. नाही. शिंदे.

त्यांच्यापुढे सुमारे तीन लाख फूट फिल्म होती. आकडा समजून घ्या. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट. तीन लाख भागिले नव्वद, झाले साधारण 3,333 मिनिटं. पंचावन्न तासांहून जास्त. त्यातून उरले साडेतीन तासांच्या आत. म्हणजे सोळा मिनिटं शूट केलं तेव्हा एक मिनिट पडद्यावर आलं. आणि हे सगळं हाताने. कंट्रोल झेड नाही. फिल्म कापायची, चिकटवायची, मशीनवर चालवून बघायची, नाही जमलं तर चिकटवलेलं सोडवून पुन्हा जोडायची. घोड्याचा पाय जमिनीवर पडताना कापायचं की हवेत असताना, हा निर्णय कात्रीने घ्यायचा.

शिंदे 2012 साली गेले. शेवटची वर्षं त्यांनी धारावीतल्या एका छोट्या खोलीत काढली. ज्या सिनेमाचे डायलॉग आपल्या आजोबांनाही पाठ आहेत, त्या सिनेमाचं एकमेव फिल्मफेअर ज्याच्याकडे होतं, तो माणूस. मी हे सांगतो तेव्हा मुलं विचारतात, "मग एडिटिंग शिकून काय उपयोग?" मी त्यांना उलटं विचारतो, तुमच्या शॉर्टफिल्मच्या शेवटी पाट्यांत एडिटरचं नाव किती सेकंद ठेवता? आधी तिथून सुरू करा. आणि लग्नाचं काम करत असाल तर ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हार्ड डिस्क उघडू नका. हे विषय सोडून झालं, पण जाऊ दे, कामाचं आहे.

तर 'शोले'चा थाट आपल्याला झेपणारा नाही. घोडे नाहीत, 70 एमएम नाही. तसं 'शोले'सुद्धा 35 एमएमवर शूट करून मग 70 एमएमला मोठा केलेला, म्हणजे जुगाड तिथेही होताच. आपल्या ऐपतीतला नमुना पाहिजे असेल तर 'डोंबिवली फास्ट' बघा. 2005, दिग्दर्शक निशिकांत कामत. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पुढे माधव आपटे हातात बॅट घेतो आणि काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण सुरुवात? एका बँकेतल्या माणसाचा रोजचा दिवस. घर, गर्दी, लोकल, ऑफिस, लोकल, घर. परत तेच. परत तेच, आणखी आखूड. एकही बुक्की नाही, तरी छातीवर दडपण येतं, कारण कट जवळ जवळ येत जातात आणि माणूस त्यात चेचला जातो. खर्च किती? एक माणूस, एक घर, एक लोकल आणि एडिटिंग टेबलावर घालवलेल्या रात्री. गाडी इथेही आहे बघा. पण ती अंगावर येत नाही, ती रोज येते. त्याचीच जास्त भीती वाटते.

आणि आपल्या जिल्ह्याचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'सैराट' थ्रिलर नाही, मान्य. पण शेवटच्या प्रसंगात त्यांनी आवाज काढून घेतला ते आठवा. लहान मूल चालतंय, पावलं उमटतायत, आणि थिएटरमध्ये शांतता. करमाळ्याकडच्या माणसाने आपल्या हातात दिलेली ही युक्ती आहे आणि तिला एक रुपया लागत नाही: सगळ्यात मोठ्या धक्क्याच्या वेळी आवाज वाढवायचाच असतो असं कुणी सांगितलं?

आता त्या तीन मित्रांसाठी. तुमची गाडी अशी करा.

रूळ दाखवायचाच नाही. एक खोली घ्या, रात्रीची. कथेत ती खोली रुळाला लागून आहे. टेबलावर स्टीलचा पेला, पाण्याने काठोकाठ भरलेला, फोन त्याच्या अगदी जवळ. टेबलाखालून एकाने बुक्कीने ठोके द्यायचे, आधी हळू, मग जोरात. पाण्यावर वलयं उठतील. खिडकीबाहेर दुसऱ्याने टॉर्च धरायचा आणि तिसऱ्याने टॉर्चसमोरून पुठ्ठा सरकवायचा, पुठ्ठ्याला खिडक्यांएवढे चौकोन कापलेले. भिंतीवर उजेडाचे तुकडे धावायला लागतील. डब्यांचा उजेड असाच धावतो. हिरो भिंतीला पाठ लावून उभा, त्याच्या चेहऱ्यावरून ते तुकडे जातायत. दोन डबे गेले, तीन गेले. चौथ्या उजेडात त्याच्या मागे दुसरा माणूस दिसतो. पाचव्यात नाही.

आवाजासाठी स्टेशनवर जायची गरज नाही. तुम्ही पूर्व भागातले ना? घराशेजारी पॉवरलूम असेलच. तो खटक-खटक, खटक-खटक जवळून रेकॉर्ड करा, फोन रुमालात गुंडाळा म्हणजे वरचा करकरीत आवाज कमी होईल. मग ॲपमध्ये वेग थोडा कमी करा आणि जाड आवाज वाढवा. जिथे आपल्या आई-वडिलांचं आयुष्य गेलं तो माग आहे हा, पण डोळे मिटून ऐकलं तर मालगाडी वाटते. शिट्टीचा आवाज हवाच असेल तर खरं तिकीट काढा आणि प्रवासात डब्यात बसल्या बसल्या रेकॉर्ड करा. दारात लटकून नाही, सीटवर बसून.

आणि फ्रेमचं विचारलं होतं ना? गाडी नाही, त्यामुळे स्लो मोशनची गरजच नाही. सेकंदाला 24 किंवा 25 वर ठेवा, शटर 50 च्या आसपास. बल्ब लुकलुकत असतील तर शटर 50 किंवा 100 वर आणा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे म्हणून. एक्सपोजर लॉक करा, नाहीतर उजेडाचा तुकडा आला की फोन आपणहून काळा-पांढरा करत बसेल आणि सगळी भीती जाईल.

प्रत्येक शॉट किमान सहा वेळा घ्या. शिंदेंकडे सोळाला एक होता, तुम्हाला सहाला एक जमेल. मग कापायला बसा आणि पेल्याचा शॉट कुठे तोडायचा यावर तिघांनी भांडा. पाणी सांडायच्या आधी की सांडल्यावर? माझं मत आधी. पण तुम्ही दोन्ही करून बघा आणि दोन्ही फाइल्स मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये नावं न घेता ऐकवतो आणि दाखवतो, ऐकणारे ठरवतील.

चला, लाइट जायच्या आत अपलोड करतो. भेटू.